किल्ली कुणाकडे होती

अग्निशमन खात्यात तिला सगळे बंबबाई म्हणत. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती, पण पाठ वळली की सुरू. सिनेमागृह असो, मंगल कार्यालय असो, नाही तर चार मजल्यांचं कापडाचं दुकान, बंबबाई तपासणीला येणार म्हटलं की मालकांची धावपळ उडायची. जिन्यातली खोकी हलायची, मागच्या दाराला टेकवलेलं कपाट बाजूला व्हायचं. एकदा एका हॉटेलवाल्याने घाईघाईत स्वयंपाकघराचं दार रुंद करायला घेतलं आणि भिंतच पाडली. ती हसली नाही. "भिंत पडली तरी चालेल, दार अडता कामा नये," एवढंच म्हणाली आणि पुढे गेली.

दाराच्या बाबतीत ती इतकी कडक का, हे खात्यात जुन्या दोघातिघांनाच ठाऊक होतं. तेही बोलत नसत.

तिचा नवरा एकेकाळी शहरातल्या मोठ्या सभागृहाचा गेटवाला होता. उंच, हसतमुख, येणाऱ्या-जाणाऱ्याला नावाने हाक मारणारा. त्या सभागृहात चांदणीचा कार्यक्रम झाला, तेव्हा चांदणी नुकती कुठे वर येत होती. खरं नाव वेगळंच, पण पोरासोरांनी चांदणी म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. एका गाण्यामुळे लोकांनी तिला डोक्यावर घेतलं होतं. त्या दिवशी सभागृह तुडुंब भरलं. मागच्या गेटाच्या बाहेर तिची गाडी लावलेली, चाहत्यांनी गाडीला हात लावू नये म्हणून गेटाला कुलूप. कार्यक्रमाच्या आधी तिचा अंगरक्षक गेटवाल्याकडे आला आणि म्हणाला, "किल्ली इकडे दे. मॅडम निघाल्याशिवाय हे उघडायचं नाही."

गेटवाल्याने किल्ली दिली. वरून तसाच हुकूम होता.

शेवटच्या गाण्याला रंगमंचावर फटाक्यांची रोषणाई केली होती. एक ठिणगी पडद्यावर गेली. आग तशी फुटकळ, दोन बादल्यांत विझली, पण धूर पसरला आणि कुणी तरी ओरडलं. लोकांचा लोंढा मागच्या गेटाकडे वळला. अंगरक्षकाने तोवर चांदणीला बाहेर काढलं होतं, कुलूप पुन्हा लावलं होतं आणि दोघं गाडीत बसली होती. गेटवाला धावत गाडीपाशी गेला, दोन्ही तळहातांनी काच बडवली. "किल्ली द्या! माणसं चेंगरतायत!" चांदणीने त्याच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. मग मान वळवून समोर बघत बसली. काच काही खाली झाली नाही.

तेव्हा तो पळाला. हो, पळालाच. जनरेटरच्या खोलीत लोखंडी पहार होती, ती आणायला. परत येऊन कुलूप त्यानेच तोडलं. पण तोवर गेटाला चिकटलेली कॉलेजातली एक मुलगी गेली होती.

दुसऱ्या दिवशी चांदणी टीव्हीवर रडली. रडता रडता म्हणाली, "गेटवरचा माणूस किल्ली घेऊन पळून गेला." त्याला पळताना पाहिलेली माणसं पन्नास निघाली. पहार घेऊन परत येताना कुणाचंच लक्ष नव्हतं. चौकशी झाली. सभागृहाच्या मालकांनाही कुणी तरी एक मान हवीच होती. अंगरक्षक म्हणाला, मी किल्ली पाहिलीही नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. नोकरी गेली, ते सोडा. भाजीवाला तोंड फिरवायचा. मुलीचा बाप एकदा भर रस्त्यात त्याच्यासमोर थुंकला.

त्यानंतर तो बोलायचाच कमी झाला. घरातच घड्याळं दुरुस्त करत बसायचा. थंडी असो की वारा, दार मात्र लावू द्यायचा नाही.

ती तेव्हा अग्निशमनच्या कचेरीत कारकून होती. पुढे खात्याची परीक्षा दिली आणि तपासनीस झाली. सूड घ्यायचा म्हणून परीक्षा दिली, असं ती स्वतःशीसुद्धा कबूल करत नसे. पण डूख धरलेला साप बिळात झोपला तरी डूख झोपत नाही.

आणि मग एक दिवस शहरभर चांदणीची पोस्टरं लागली.

आता ती पहिल्यासारखी तेजीत राहिली नव्हती. नव्या मुली आल्या होत्या, नवी गाणी आली होती. हा दौरा म्हणजे तिची शेवटची उडी, असं सगळेच म्हणत होते. दौऱ्याची सुरुवात याच शहरातून, मोठ्या क्रीडांगणावर. तपासणीचं काम बंबबाईच्या टेबलावर आलं, तेव्हा साहेब जरा घुटमळले.

"दुसऱ्या कुणाला देऊ का हे?"

"का? माझ्या कामात काही खोट निघाली?"

"तसं नाही हो. तुम्हाला माहितेय मी काय म्हणतोय ते."

"साहेब, मी नियमाच्या एक केसभरही बाहेर जाणार नाही," ती म्हणाली. आणि ते खरंही होतं. नियमाच्या बाहेर जायची गरजच नव्हती. दुनिया चालते ती तपासनीसांच्या डोळेझाकीवर. तिने फक्त डोळे उघडे ठेवायचे होते.

क्रीडांगणाच्या पूर्वेकडच्या जिन्यात मोडक्या खुर्च्यांची रास होती. वर्षानुवर्षं तिथेच. तिने परवानगी नाकारली. जिना मोकळा करायचा तर आधी गोदाम हवं, गोदामासाठी पालिकेची बैठक हवी. कार्यक्रम पुढे ढकलला.

मग प्रदर्शनाचा मोठा हॉल घेतला. तिथे छताला रेशमासारखं चकचकीत कापड लावलं होतं. तिने त्याची चिंधी कापून घेतली, बाहेर अंगणात नेऊन काडी लावली. भप्कन पेटली आणि काळं पाणी होऊन टपटप गळली. चांदणीचा मॅनेजर शेजारीच उभा होता, काडीसारखा बारीक, दोन्ही हातांत दोन फोन. "मॅडम, कापड काढतो ना!" तो म्हणाला. "काढा. मग वरच्या तारा दिसतील, त्याही बघते," ती म्हणाली. वरच्या तारा कापडापेक्षा भयंकर होत्या. जागा पुन्हा बदलली.

नदीकाठचं मैदान तर तिने आत न शिरताच नाकारलं. हजारो माणसं आणि यायला-जायला एकच अरुंद पूल. मॅनेजर अक्षरशः हात जोडून म्हणाला, "अहो, तुम्हाला हवंय तरी काय? सांगा ना."

"मला? मोकळं दार हवंय."

घरी येऊन ती हे सगळं नवऱ्याला रंगवून सांगायची. मॅनेजरचा चेहरा कसा पडला, एक फोन हातातून कसा सटकला. सांगताना तिचे डोळे चमकायचे. तो घड्याळाच्या पोटातून मान वर न करता ऐकायचा. एकदा मात्र म्हणाला, "जिना खरंच अडलेला होता ना?"

"होता म्हणजे? खुर्च्यांनी गच्च."

"मग बरोबर केलंस," तो म्हणाला. त्याच्या त्या थंडपणाचा तिला राग आला. अपमान त्याचा आणि रक्त मात्र तिचं उकळतंय!

चांदणीचे चाहते खवळले. खात्याच्या दारात घोषणा झाल्या. नणंदेचाही फोन आला.

"वहिनी, पोरीने रडून घर डोक्यावर घेतलंय. तिकीट काढून ठेवलंय तिने. तुम्हाला दुसरं कुणी सापडलं नाही का छळायला?"

"तुझ्या भावाला ज्या बाईने जिवंत गाडलं, तिचं गाणं तुझी लेक ऐकणार?"

मग नणंद म्हणाली, "त्या पोरीला काय माहीत वहिनी. आपण कधी सांगितलं का तिला?"

शेवटी त्यांना बंदिस्त क्रीडागृह मिळालं. मॅनेजर पोळलेला माणूस, या वेळी त्याने काही म्हणता काही बाकी ठेवलं नाही. दारं रुंद आणि बाहेर उघडणारी, जिने झाडून पुसून लख्ख, कापड न पेटणारं, प्रत्येक वळणावर बाणाच्या पाट्या. आगीच्या पाण्याचे नळ नवे बसवलेले. ती सकाळपासून फिरली. प्रत्येक कडी ओढून पाहिली, प्रत्येक कोपऱ्यात वाकून पाहिलं. कुठे म्हणजे कुठे बोट ठेवायला जागा नाही. पाण्याची चाचणी तेवढी दुपारी व्हायची होती. परवानगी द्यावी लागणार, हे तिला कळून चुकलं आणि तोंड कडू झालं.

तेवढ्यात चांदणी आली. दौरा जवळजवळ कोसळल्यावर मॅनेजरने तिला स्वतः येऊन दोन गोड शब्द बोलायला लावलं असणार. जवळून ती थकलेली दिसत होती. डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्याला मफलर.

"तुम्हीच का त्या? फार कडक आहात म्हणे," ती हसून म्हणाली. "पण बरं झालं. माझ्या चाहत्यांची काळजी घेता तुम्ही."

बंबबाईने ठरवलं होतं, काही बोलायचं नाही. पण जिभेने ऐकलं नाही. "या शहरात तुमचा आधी एक कार्यक्रम झाला होता. मागचं गेट बंद होतं. आठवतं?"

चांदणीने कपाळाला आठी घातली. आठवायचा खरोखर प्रयत्न केला तिने. म्हणाली, "हो हो, ती बिचारी मुलगी. फार वाईट झालं. गेटवरचा माणूस पळाला होता ना? अशा माणसांना कामावर ठेवतातच कसे!"

खोटं बोलतेय असं वाटलं असतं, तर बंबबाईला ते सोसलं असतं. पण चांदणी खोटं बोलत नव्हती. इतक्या वेळा सांगून सांगून तिचं तिलाच ते खरं झालं होतं. काचेवर बडवणारे ते हात तिच्या आठवणीतून केव्हाच पुसले गेले होते. इकडे एका माणसाचं आयुष्य त्या काचेपाशी थांबलेलं, आणि हिला चेहराही आठवत नाही!

"पंपाची खोली बघून येते," बंबबाई म्हणाली.

खोलीत कुणी नव्हतं. मोठ्या नळावर लाल लोखंडी चाक होतं. तिने दोन्ही हातांनी ते फिरवलं, जोर लावून, दात-ओठ खात, जवळजवळ बंद होईपर्यंत. मग बाहेर येऊन चाचणी घेतली. पाइपातून पाणी आलं ते म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखं, अडखळत, पायापाशीच पडलेलं.

"दाब नाही," ती म्हणाली. "परवानगी देता येत नाही."

मॅनेजर मटकन खाली बसला. चांदणीने चष्मा काढला, आणि तिचे डोळे भरलेले बघून बंबबाईला इतक्या वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी घरी आल्या आल्या तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. चांदणी काय म्हणाली ते, आणि आपण काय केलं तेही. तिला वाटलं होतं, आज तरी हा माणूस हसेल.

त्याने हातातलं घड्याळ खाली ठेवलं. "चाक तू फिरवलंस?"

"हो, मीच."

"आणि अजून तसंच आहे?"

"उद्या त्यांचा नळवाला येईल, डोकं खाजवेल..."

"आत्ता आत कोण आहे?"

तिला प्रश्नच कळला नाही. "कोण असणार? दिवे टांगणारे कामगार. सुतार. तारा जोडणारे."

"म्हणजे माणसं आत आहेत, आणि पाणी तू बंद करून आलीस." तो उठला. खुंटीवरचा सदरा घातला. "चल."

"अहो, कुठे? तिथे? तुम्ही?" तो कुठल्याही सभागृहाच्या आसपाससुद्धा फिरकत नसे.

"किल्ली अडवून गाडीत बसलेली बाई आणि तू, यात मला फरक राहायला हवाय. चल, गाडी काढ."

स्कूटरवर ती वाटभर भांडत होती. तुमच्यासाठीच केलं, तुम्हाला काडीची किंमत नाही, तुम्ही मातीचे आहात. क्रीडागृहाच्या पंपाच्या खोलीत त्याने स्वतः चाक उलटं फिरवलं, पार शेवटपर्यंत, आणि कान लावून पाणी चढल्याचा आवाज ऐकला. तेवढ्यात मॅनेजर दारात येऊन उभा राहिला. त्याने चाक पाहिलं, बाईला पाहिलं, आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"असं आहे होय! थांबा आता. बाहेर पत्रकार बसलेत माझ्या डोक्यावर, त्यांनाच बोलावतो."

"चल, निघू या. पळाले म्हणतील, म्हणू दे," नवरा पुटपुटला.

पण बंबबाईच्या मनात भलतंच काही हललं. त्या वेळी हा माणूस ज्याला त्याला सांगत फिरला होता, किल्ली माझ्याकडे नव्हती. कोण ऐकतंय जुन्या गेटवाल्याचं? आज मात्र बातमी होती. सरकारी बाईने चांदणीचा कार्यक्रम मुद्दाम पाडला! सगळे कॅमेरे या बातमीसाठी एकमेकांना चेंगरत येतील. आमिष तिच्या हातात आयतं आलं होतं, आमिष म्हणजे तिची स्वतःची नोकरी. तिने ती गळाला लावली.

"बोलवा ना," ती मॅनेजरला म्हणाली. "मीच सांगते."

क्रीडागृहाच्या पायऱ्यांवर उभी राहून ती खड्या आवाजात बोलली. "पाण्याचं चाक मी बंद केलं. गुन्हा केला, तो मान्य आहे, शिक्षा होईल ती घेईन. आता का केला, ते ऐका. हे माझे यजमान. चांदणीच्या गेटवरचा पळालेला माणूस तो हाच."

कॅमेरे गर्रकन त्याच्याकडे वळले. तो आधी भांबावला, हात कुठे ठेवावे ते त्याला कळेना. मग बोलायला लागला. आवाज बारीक होता, पण तुटला नाही.

"पळालो, हे खरंय. पहार आणायला पळालो. कुलूप मीच तोडलं. किल्ली मॅडमच्या अंगरक्षकाने आधीच घेतली होती. मी गाडीची काच बडवली, त्यांनी माझ्याकडे बघितलं होतं. किल्ली द्यायलाच नको होती मी, ती माझी चूक. बाकीचं माझ्या नावावर घालू नका."

मॅनेजरचे दोन्ही फोन एकदम वाजायला लागले.

पुढचं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. चांदणीने आधी सगळं खोटं म्हटलं. मग तो अंगरक्षक पुढे आला. तिने त्याला मध्येच कधी तरी हाकलून दिलं होतं, त्यामुळे त्यालाही आपलं उट्टं काढायचंच होतं. "किल्ली माझ्या खिशात होती. मॅडम म्हणाल्या, गाडी निघेपर्यंत उघडू नकोस," त्याने सांगून टाकलं. क्रीडागृहाने हात वर केले. पुढच्या शहरातलं सभागृह म्हणालं, आमच्याकडे रंगकाम चाललंय. त्याच्या पुढच्याने कारणसुद्धा दिलं नाही. तारखा पुढे गेल्या, जागा बदलल्या, आणि एके सकाळी पोस्टरांवर कुठल्याशा साबणाची जाहिरात चिकटलेली दिसली.

चांदणीने एक व्हिडिओ काढला. मी लहान होते, घाबरले होते, मला सल्ला देणारी माणसं चुकीची होती. "त्या गृहस्थांना त्रास झाला असेल, तर मला वाईट वाटतं." बंबबाईने तो पुन्हा पुन्हा लावून पाहिला. चेहऱ्यावरची रया गेलेली बघून गारेगार वाटायचं, आणि "झाला असेल, तर" ऐकून पुन्हा आग भडकायची.

तिला निलंबित केलं. साहेबांनी स्वतः बोलावून सांगितलं. त्यांना वाईट वाटत होतं, पण बाजू घेता येत नव्हती. "सगळं नियमात राहून चाललं होतं तुमचं. एक चाक कशाला फिरवलंत?" पुढे परत घेतलं ते खालच्या जागेवर. आता ती शाळाशाळांतून फिरून आग विझवायचे धडे देते. हॉटेलवाले सुटले बिचारे. भाची मामीशी अजून बोलत नाही. सगळं कळल्यावरही नाही. गाणं आवडतं ते आवडतं, असं तिचं म्हणणं.

त्या मुलीचा बाप मात्र एकदा घरी येऊन गेला. म्हातारा झाला होता. बसला नाही. दारातूनच म्हणाला, "इतकी वर्षं गप्प का राहिलात?"

"गप्प नव्हतो," नवरा म्हणाला. "चौकशीत सांगितलं. तुमच्याही दारात आलो होतो, तुम्ही दार लावलंत."

म्हाताऱ्याने उंबऱ्याकडे बघितलं. "लावलं होतं," एवढंच म्हणाला आणि गेला.

नवऱ्याने बाजारात घड्याळदुरुस्तीचा गाळा घेतला. सकाळी डबा घेऊन निघतो. लोक घड्याळ द्यायला कमी आणि त्याच्याकडून ती हकीकत ऐकायला जास्त येतात, आणि तोही आता मीठमसाला लावून सांगायला शिकलाय. परवा टीव्हीवर दिसलं, चांदणी गाण्याच्या कुठल्याशा स्पर्धेत परीक्षक होऊन बसलीय. लाल गादीची खुर्ची, समोर पाण्याचा ग्लास, एका मुलीला समजावतेय, "सच्चेपणा हवा गाण्यात."

"बंद कर तो टीव्ही," नवरा म्हणाला. "झालं ना आता मनासारखं?"

"तुमचं झालं असेल." तिने आवाज आणखी वाढवला, खुर्ची पुढे ओढली आणि पडद्यावरचा चेहरा निरखू लागली. "ही स्पर्धा कुठल्या हॉलमध्ये भरते हो?"